दार उघडं ठेव

चि. सोनू,


ब्रिटनमध्ये जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, प्रशिक्षणासाठी तुझी निवड झाल्याचं कळलं आणि त्याच संध्याकाळी तुझ्या आईचाही फोन आला. 'जीपीच व्हायचं होतं तर एमबीबीएस झाल्यावर इथेच दवाखाना टाकायचा होता. आणखी तीन वर्षं शिकायचं कशाला?' १९८४ मध्ये मी वेल्सला निघाले तेव्हा तुझ्या आजीनेही मला हेच विचारलं होतं. तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज लिहिते आहे, ते आईलाही वाचून दाखव.

ब्रिटनमध्येही एके काळी असंच होतं. हॉस्पिटलात थोडं काम केलं की पाटी लावायची. १९५० साली जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इथले दवाखाने हिंडून पाहिले आणि जे दिसलं ते 'लॅन्सेट'मध्ये छापलं. ते इतकं वाईट होतं की वैद्यकजगत हादरलं. दोनच वर्षांनी जीपींचं स्वतःचं कॉलेज उभं राहिलं. जनरल प्रॅक्टिस हे वेगळं शास्त्र आहे आणि त्याचं शिक्षणही वेगळं हवं, हे १९६८ मध्ये रॉयल कमिशनने मान्य केलं. १९७६ मध्ये कायदा झाला आणि १९८२ पासून तीन वर्षांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. मी आले तेव्हा ती सक्ती लागू होऊन अवघी दोन वर्षं झाली होती. आपल्याकडेही डीएनबी फॅमिली मेडिसिन आहे, तेही तीन वर्षांचंच. पण सोयरिकीच्या बैठकीत 'मुलगी फॅमिली मेडिसिन करते' म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग एमडी कशात करणार?' हाच येतो. मनाला लावून घेऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला मला माझ्या ट्रेनी वर्षातल्या एका संध्याकाळकडे जावं लागेल.

साल १९८६, हिवाळा. आमच्या दरीतल्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. एका खाणकामगाराची बायको दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला ताप होता. मी कान पाहिले, घसा पाहिला, छाती तपासली, मान वाकवून पाहिली. काही सापडलं नाही. 'व्हायरल आहे, बरं वाटेल,' असं सांगून पॅरासिटामॉल दिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. रात्री मूल सुस्तावलं. त्या काळी रात्रीचे कॉल आम्हीच घ्यायचो, फोन माझ्या उशाशी होता. पण तो वाजला नाही. डॉक्टरीण साधा ताप म्हणाली, मग तिची झोप कशाला मोडायची, म्हणून ती बाई सकाळपर्यंत थांबली. मेनिंजायटिस होता. मूल वाचलं, एका कानाने ऐकू येईनासं झालं.

दुसऱ्या दिवशी ट्रेनरने दवाखान्याची वेळ संपल्यावर मला समोर बसवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुझं निदान चुकलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा खुणाच नव्हत्या. पण तू तिला परत यायला दार ठेवलं नाहीस.

सोनू, ते वाक्य मी नंतरची तीस वर्षं रोज बरोबर नेलं. पुढच्याच वर्षी रॉजर नेबरचं 'द इनर कन्सल्टेशन' आलं आणि या दाराला तिथे नाव मिळालं: सेफ्टी नेट. पेशंट उठण्याआधी डॉक्टरने स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. माझं बरोबर असेल तर आता काय होईल? चुकलं असेल तर ते कशावरून कळेल? आणि तसं झालं तर काय करायचं? ही उत्तरं पेशंटच्या भाषेत सांगून मगच त्याला सोडायचं. 'काही वाटलं तर या' एवढ्याने भागत नाही. 'मूल पाणी पीत नसेल, हाक मारल्यावर डोळे उघडत नसेल, अंगावर डाग उठले आणि पेल्याची काच दाबूनही ते फिके होत नसतील, तर रात्री दोन वाजलेले असोत, त्याच क्षणी फोन करा.' असं सांगायचं. प्रशिक्षणाच्या पोर्टफोलिओत 'सेफ्टी नेटिंग केलं' हे तीन शब्द लिहिण्यापेक्षा नेमकं काय बोललीस ते लिही.

हॉस्पिटलात आपल्याला निष्कर्ष काढायला शिकवतात. पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा आजाराला आकार आलेला नसतो. अशा वेळी काळ हेच आपलं तपासणीचं साधन, आणि ते वापरायचं तर पेशंट पुन्हा आपल्याचकडे यायला हवा. नॉर्वेतला २०२१ चा अभ्यास काढून वाच. एकाच जीपीकडे पंधराहून जास्त वर्षं असलेल्या लोकांमध्ये, एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसलं. एवढा परिणाम गोळीने साधला असता तर तिच्या कंपनीने जगभर जाहिराती केल्या असत्या. आणि इथे मात्र आता जो डॉक्टर मोकळा असेल त्याच्याकडे पेशंट ढकलतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुला जमेल तिथे 'पुढच्या बुधवारी माझ्याकडेच या' असं सांगत जा, रिसेप्शनवरच्या बाईंशी त्यासाठी गोड बोलून ठेव.

शेजारच्या दरीतल्या ग्लिनकॉरगला ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे जीपी होते. १९६१ साली ते त्या खाणकामगारांच्या गावात आले आणि पुढे गावातल्या एकूण एक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजला. न येणाऱ्यांचाही पिच्छा सोडला नाही. ज्यांना वैद्यकीय सेवेची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती सगळ्यात कमी मिळते, हा त्यांचा 'इन्व्हर्स केअर लॉ' १९७१ चा. हॉस्पिटलात वाट पाहत बसून तो कळला नसता, त्यासाठी एका गावात मुरावं लागलं. तुझ्या यादीत जो तपासणीला कधीच येत नाही, त्याचं नाव महिन्यातून एकदा तरी काढून बघ.

भाषेची भीती वाटते, असं तू लिहिलंस. एससीए या परीक्षेत प्रत्येकी बारा मिनिटांची बारा कन्सल्टेशन्स असतात आणि बाहेरून आलेले डॉक्टर तिथे जास्त नापास होतात, हे खरं. पण त्याचं कारण इंग्रजीचं व्याकरण नसतं बहुधा. आपण उत्तर ऐकायच्या आधी पुढचा प्रश्न विचारतो, ते नडतं. आमच्या दरीत 'ही इज बॅड' म्हणजे तो आजारी आहे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, एक बाई नवऱ्याच्या वागण्याची तक्रार करते आहे! आपल्याकडची आजीबाई 'कसंतरीच होतंय गं' म्हणते, तेव्हा तू तिला 'म्हणजे नक्की कुठे?' असं दरडावत नाहीस. जवळ बसतेस, 'कधीपासून?' विचारतेस आणि थांबतेस. मग हळूच कळतं, मुलगा महिनाभर बोललेला नाही. हे तुला लहानपणापासून येतं. इथेही तेच कर. पहिलं मिनिट पेशंटचं, तेव्हा कॉम्प्युटरकडे पाहायचं नाही.

हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये तुला ड्युट्यांचा रोटा भरायला वापरतील. तरी आठवड्याचं टीचिंग चुकवू नकोस, तो तुझा हक्क आहे. बालरोग आणि मनोविकार विभागात जास्तीत जास्त वेळ मिळव. वॉर्डात दिसणाऱ्या प्रत्येकाला विचार, 'इथे येण्याआधी कुणाकडे गेला होतात, ते काय म्हणाले?' त्या उत्तरांत तुझा खरा अभ्यासक्रम आहे. आणि ट्रेनरपाशी चुका लपवू नकोस. तुला जी केस सांगायची लाज वाटते, तीच ट्यूटोरियलला घेऊन जा.

१९८६ ची ती बाई आणि तिचं मूल मी निवृत्त होईपर्यंत माझ्याच यादीत होते. ती दुसरा डॉक्टर निवडू शकत होती. का गेली नाहीस, असं मी तिला कधी विचारलं नाही, धीर झाला नाही. मुलगा मोठा झाला, त्याला मुलगी झाली. तिला ताप आला की तो खोलीत येऊन चांगला कान माझ्याकडे करून बसायचा, आणि मी कोणत्या खुणांवर फोन करायचा ते सांगायला लागले की माझ्या आधीच तो त्या म्हणून दाखवायचा.

ऑगस्टमध्ये रुजू होण्याआधी दोन दिवस इकडे ये. माझी होम व्हिजिटची बॅग तुझ्यासाठी काढून ठेवली आहे, टॉर्चचे सेल तेवढे नवे घाल.

तुझी,
मावशी