वाढते पाऊल आणि बूट

मनुष्याच्या पावलात 26 हाडे असतात. परंतु बालपणी त्यांचा पुष्कळसा भाग मऊ कूर्चेचाच असतो. त्यामुळे आखूड बुटात पाऊल दबत असले, तरी मूल तक्रार करीलच असे नाही. बुटाच्या टोकावर अंगठा दाबून पाहण्याची दुकानातील परीक्षाही फसवी. दाब जाणवताच मूल बोटे आखडून घेते.

त्यापेक्षा सायंकाळी, पाय किंचित फुगलेले असताना, मुलास कागदावर उभे करून दोन्ही पावलांच्या आकृती काढाव्यात, कापाव्यात व टाचेपर्यंत बुटात सरकवाव्यात. पुढे सुमारे 12 मिलिमीटर जागा उरावी. कडेला कागद दुमडल्यास बूट अरुंद समजावा. दर तीन महिन्यांनी नवी आकृती जुनीशी ताडावी.

वर्षभर पुरावा म्हणून फार मोठा बूट घेणाऱ्या पालकांची अडचण खरी आहे. पण त्यात पाऊल पुढे घसरते आणि बोटे टोकालाच भिडतात.