ड्रोन, बॉम्ब आणि पहिली दहा मिनिटे



ड्रोन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लग्नात मांडवावर घिरट्या घालणारा कॅमेरा, शिरोळ तालुक्यातल्या उसावर औषध फवारणारं यंत्र, नाहीतर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वरून टिपलेली पाण्याने वेढलेली गावं. 'थ्री इडियट्स' या २००९ च्या चित्रपटात दिसलेला ड्रोन तर आय.आय.टी. मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आयडियाफोर्ज कंपनीचा होता. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या पोराला ड्रोनचं आकर्षण असणं साहजिकच आहे.

पण विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. ड्रोनच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरलं आहे.

हवेतून येणारा धोका

२७ जून २०२१ च्या मध्यरात्रीनंतर जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर पाचेक मिनिटांच्या अंतराने दोन स्फोट झाले. स्फोटके ड्रोनमधून टाकली होती. एका इमारतीचं छत फुटलं, हवाई दलाचे दोन जवान किरकोळ जखमी झाले. नुकसान थोडं, पण इशारा मोठा होता. पुढे मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात, ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवल्याचं सरकारने सांगितलं. पाडलेल्या ड्रोनचे तुकडे सीमेलगतच्या गावांत, शेतांत पडले. लोकांना वारंवार सांगावं लागलं, की पडलेल्या वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा.

त्याच्या आदल्याच दिवशी, ७ मे २०२५ ला, 'ऑपरेशन अभ्यास' नावाची नागरी संरक्षणाची देशव्यापी रंगीत तालीम झाली. महाराष्ट्रात ती १६ ठिकाणी घ्यायचं ठरलं होतं. आपला कोल्हापूर जिल्हा त्या यादीत नव्हता. 'आपल्याकडं कशाला कोण येतंय?' असं आपण म्हणू शकतो. पण जयसिंगपुरात रेल्वे स्टेशन आहे, बसस्थानक आहे, ऊस परिषदेला हजारो शेतकरी जमतात. जवळच नृसिंहवाडीला भाविकांची रीघ असते. गर्दी आहे तिथे तयारी हवीच.

सगळ्यांत आधी कोण पोचतं?

'फर्स्ट रिस्पाँडर' म्हणजे घटनास्थळी सर्वांत आधी मदतीला पोचणारा माणूस. पुस्तकात याचा अर्थ पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिकेचे कर्मचारी असा असतो. प्रत्यक्षात काय होतं?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात लोकलमध्ये स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. तेव्हा रुळांशेजारच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यांची झोळी करून जखमींना बाहेर काढलं. रुग्णवाहिका पोचेपर्यंतचे फर्स्ट रिस्पाँडर तेच होते.

म्हणून या लेखात सांगायची गोष्ट एकच आहे. बॉम्ब शोधक व नाशक पथक येईल, एन.डी.आर.एफ. ची तुकडी पुण्याहून येईल, पण पहिली दहा मिनिटं तिथं उभ्या असलेल्या माणसांची असतात. मदतीची इच्छा आपल्या लोकांत भरपूर आहे. तिला शिस्त जोडली नाही, तर मदत करणाराच बळी पडतो.

याची दोन उदाहरणं बघा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी स्फोट झाले. जखमींना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणलं जात असताना तिथंच स्फोट झाला. नातेवाईक आणि मदतीला आलेले लोक त्यात सापडले. याला 'दुसरा स्फोट' म्हणतात. तो मुद्दाम मदत करणाऱ्यांसाठी ठेवलेला असतो.

दुसरं उदाहरण मुंबईचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सी.एस.टी. स्टेशनवर विखुरलेलं प्रवाशांचं सामान गोळा करून ठेवलं होतं. आठवड्याभराने, ३ डिसेंबरला, त्याच ढिगाऱ्यातल्या एका बॅगेत जिवंत स्फोटकं सापडली! स्टेशन तर केव्हाच सुरू झालं होतं. सुदैवाने ती वेळेवर निकामी केली गेली.

अंतर हेच चिलखत

आता थोडं आपल्या अभ्यासातलं. स्फोटाची दाबलहर केंद्रापासून सर्व दिशांना पसरते आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. इथे घनमुळाचा नियम लागतो. स्फोटकाचं वजन आठपट झालं, तर तेवढाच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. म्हणजे आपण मागे टाकलेलं प्रत्येक पाऊल मोलाचं आहे. पण खिळे, पत्रा, काचा यांचे तुकडे दाबलहरीच्या कितीतरी पुढे जातात. म्हणून नुसतं अंतर पुरत नाही, मध्ये भक्कम भिंतही हवी. सोपी खूण लक्षात ठेवा: ती वस्तू अजून दिसतेय, म्हणजे आपण अजून तिच्या टप्प्यात आहोत.

प्रशिक्षणातले मुख्य धडे

१) बेवारस बॅग दिसली तर: हात लावू नका, हलवू नका, पाणी ओतू नका. जवळ उभं राहून मोबाईल वापरू नका. आधी लांब जा, इतरांना न्या, मग ११२ ला फोन करा. जागा, आकार, रंग, कधी दिसली, एवढं नेमकं सांगा.

२) पडलेला ड्रोन दिसला तर: तो कुणाचा हरवलेला कॅमेराही असेल. पण खाली काही बांधलंय का, हे वाकून बघायला जाणं म्हणजे आत्मघात. शिवाय त्याची लिथियम बॅटरी दबली असेल, तर ती नंतरही पेट घेऊ शकते. सेल्फीचा मोह टाळा.

३) संशयास्पद ड्रोन उडताना दिसला तर: दगड मारू नका, पतंगाच्या मांजाने पाडायला जाऊ नका. छपराखाली जा, काचांपासून दूर राहा. तो कुठून आला, कुठे गेला, साधारण उंची किती, हे टिपून पोलिसांना सांगा. ड्रोनचा उडवणारा बहुधा आसपासच असतो, पण त्याला शोधायचं काम पोलिसांचं.

४) स्फोट झालाच तर: धावत मध्यभागी शिरू नका. दुसऱ्या स्फोटाची शक्यता मनात ठेवून आधी आजूबाजूला नजर टाका. ज्यांना चालता येतंय त्यांना बाहेर बोलवा. स्फोटाने कानाचे पडदे फाटतात, म्हणून ओरडण्याबरोबर हातवारे करा. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, गप्प पडलेल्याकडे आधी बघा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या. शरीरात घुसलेला तुकडा उपसू नका. बाहेरून ठीक दिसणाऱ्यालाही दवाखान्यात पाठवा, कारण फुप्फुसाची इजा उशिरा लक्षात येते.

५) गर्दी हटवा, रस्ता मोकळा ठेवा: रुग्णवाहिकेला वाट करून देणारी चार पोरं बघ्यांच्या शंभर जणांपेक्षा उपयोगी.

यंत्र पुढे, माणूस मागे

धोका ओळखायला यंत्रच पुढे करणं, ही या क्षेत्रातली खरी प्रगती. पुण्याजवळ दिघी येथील डी.आर.डी.ओ. च्या प्रयोगशाळेने 'दक्ष' हा रोबो बनवला. तो दुरून चालवता येतो, जिने चढतो, बॅगेचा एक्स-रे काढतो आणि पाण्याच्या वेगवान झोताने बॉम्बची जोडणी तोडतो. ड्रोनही असाच कामाचा. थर्मल कॅमेरा लावला, तर अंधारात अडकलेला माणूस सापडतो. स्फोटाच्या जागी माणूस पाठवण्याआधी वरून पाहणी करता येते.

मात्र बचावकार्यात प्रत्येकाने आपापला ड्रोन उडवायचा नसतो. हेलिकॉप्टर येणार असेल, तर हौशी ड्रोन हा अपघातच. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवा, पिवळा, लाल असे भाग आहेत. हिरव्या भागातही मर्यादा १२० मीटरची. गरज पडल्यास पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. उडवणारा एक, आकाशावर नजर ठेवणारा दुसरा, आणि दोघेही घटनास्थळाच्या प्रमुखाच्या हुकमात, ही त्यातली शिस्त.

आपल्या होस्टेलसाठी

हे सगळं वाचून 'छान लेख' म्हणून पान उलटायचं, की काही करायचं? फार खर्च नाही. प्रत्येक मजल्यावर दोन मुलं आणि एक कर्मचारी नेमावा. मेसच्या मावशी, वॉचमन काका यांनाही त्यात घ्यावं, कारण कोणती बॅग कुणाची हे रेक्टर सरांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक असतं. बाहेर पडल्यावर जमायची जागा ठरवावी, तिथं हजेरी घ्यावी. वर्षातून दोनदा तालीम करावी, त्यातली एक रात्री. पोलीस खात्याला विनंती करून बॉम्ब शोधक पथकाचं प्रात्यक्षिक ठेवावं. प्रोजेक्टच्या ड्रोनवर नाव आणि विभाग लिहावा, म्हणजे तो भरकटून कुठं पडला तर उगाच घबराट होणार नाही. आणि गंमत म्हणून 'बॉम्ब ठेवलाय' असा फोन करणं हा गुन्हा आहे, हे पहिल्याच वर्षी सांगावं.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असं आपली वडीलधारी माणसं सांगत आली आहेत. मुंबईच्या रुळांवर चादरी घेऊन धावलेल्या माणसांकडे धाडस होतं, माया होती. आपल्याकडे त्याच्या जोडीला शिक्षणही आहे. ते परीक्षेपुरतं न ठेवता शेजारच्या खोलीतल्या मित्राच्या जिवाला उपयोगी पडलं, तर इंजिनिअर झाल्याचं सार्थक!