एलन की

आम्ही वाशीत राहतो. अब्बा फिटर आहेत. आपा रोज सायकलने कॉलेजात जाते. एकदा तिच्या सायकलचे हँडल ढिले झाले. मी फुटपाथवरून स्वस्त एलन की आणली आणि बोल्ट पिळू लागलो. किल्ली आतच फिरली. बोल्टच्या षट्कोनी खाचेचे कोपरे झिजले. हँडल ढिलेच राहिले.

संध्याकाळी अब्बांनी किल्ली पाहिली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “बेटा, हे पोलाद मऊ आहे. कोपरे बघ कसे गोल झाले! चालत्या सायकलचे हँडल फिरले असते, तर आपा रस्त्यात पडली असती.”

दुसऱ्या दिवशी आम्ही लोकलने मुंबईला गेलो. मस्जिद स्टेशनजवळ नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची पुष्कळ दुकाने आहेत. अब्बांनी क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा संच निवडला. त्यात १.५ पासून १० मिलिमीटरपर्यंत नऊ किल्ल्या होत्या. प्रत्येकीवर माप कोरलेले होते. अब्बांनी ५ मिलिमीटरची किल्ली नव्या बोल्टमध्ये घालून पाहिली. ती जराही डुगडुगली नाही. “इंचाची किल्ली मिलिमीटरच्या बोल्टला लावू नकोस,” ते म्हणाले.

घरी अब्बांनी जुना बोल्ट पकडीने धरून काढला. नवा मी बसवला. हँडल घट्ट झाले.

अब्बा म्हणाले, “वाईट हत्यार स्वतः झिजते आणि चांगली वस्तूही बिघडवते.”

शब्दार्थ : षट्कोनी – सहा कोपऱ्यांचे, संच – एकत्र असलेल्या वस्तू, डुगडुगणे – सैल हलणे.

प्रश्न : अब्बांनी चांगली किल्ली कशी ओळखली?