पावतीवरचं नाव : चाळ, कूड आणि पुनर्विकासाची भाषा

मराठी साहित्य शिकणाऱ्या मुलामुलींना चाळ अनोळखी नसते, मग आपण कधी चाळीत राहिलेलो असू किंवा नसू. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' आपण हसत हसत वाचतो. जयंत पवार यांचं 'अधांतर' हातात घेतलं की ते हसू मावळतं, कारण १९८२ च्या गिरणी संपानंतर चाळीतलं एक कुटुंब आतून कसं मोडत जातं, ते त्यात दिसतं. पण दोन्हीकडे भांडायला, रुसायला, पाठ टेकायला एक खोली तरी असते. आज प्रश्न त्या खोलीचाच आहे.

म्हणून या अभ्यासलेखात मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या घरांचा पुनर्विकास समजून घेऊ. गोव्यातल्या मुलांनी मुंबईची उठाठेव का करायची, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर लेखात पुढे येतंच. आपण साहित्याचे विद्यार्थी, तेव्हा शब्दांपासूनच सुरुवात करू. सहा शब्द घेऊ. प्रत्येक शब्द कुणाला आत घेतो आणि कुणाला दाराबाहेर ठेवतो, एवढंच बघायचं आहे.

१. भाडेकरू

साधा अर्थ, भाडं देऊन राहणारा. कायद्यातला अर्थ मात्र यापेक्षा अरुंद आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्यांमुळे कामगार, कारकून, शिक्षक, विधवा बायका अशी हजारो माणसं शहराच्या मध्यभागी टिकून राहिली. मालकाला वाटलं म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागतं. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला तो हक्क मिळू शकतो.

पण हे सगळं संरक्षण भाडेपावतीवरच्या नावाभोवती फिरतं. मालकाच्या परवानगीशिवाय ठेवलेला पोटभाडेकरू, खाट भाड्याने घेतलेला मुलगा, वीस वर्षं सोबत राहिलेली लांबची आत्या यांची नावं पावतीवर नसतात. म्हणजे एका खोलीत आठ माणसं राहत असली तरी कायद्याला त्यातलं एकच दिसतं.

आपल्याकडचा मुंडकार शब्द याच्या शेजारी ठेवून बघा. १९७५ च्या गोव्याच्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या माणसाला संरक्षण दिलं, आणि भाडं देणाऱ्याला उलट त्या व्याख्येतून वगळलं. तिथे हक्क आला तो राहण्यातून, मुंबईत तो आला पावतीतून. दोन्ही कायदे गरिबाच्या बाजूचेच आहेत, पण व्याख्या बदलली की कोण वाचणार हेही बदलतं.

२. पागडी

भाडं बांधलेलं असल्यामुळे मालकाला महिन्याकाठी फारसं काही मिळेना. मग खोली देतानाच एकदम मोठी रक्कम घ्यायची पद्धत पडली. तीच पागडी. भाडेकरूने पुढे खोली दुसऱ्याला दिली, तर त्या रकमेतही मालकाचा वाटा असतो. कितीतरी वर्षं हा व्यवहार बेकायदा होता आणि सर्रास चालत होता. १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता दिली.

इथे मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. महिन्याचं भाडं जर हॉटेलातल्या एका जेवणाएवढंही नसेल, तर चाळीचा जिना तो कशातून दुरुस्त करणार? १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की इतकी वर्षं गोठवून ठेवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. शहराला स्वस्त घरं हवी होती हे खरं, पण त्यांचा खर्च सरकारने मालकांच्या अंगावर टाकला आणि मालकांनी तो इमारतीच्या अंगावर टाकला. शेवटी ओझं येऊन पडलं ते भिंतींवर आणि तुळयांवर.

३. धोकादायक

मग इमारती पडायला लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि भाडेकरू व मालक यांच्याकडून उपकर घेऊन सरकारनेच दुरुस्ती करावी असं ठरलं. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती होत्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ तर १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या. पुढे हे काम म्हाडाकडे आलं. आजही पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते आणि पेपरात चाळीचा कोसळलेला भाग दिसतो.

म्हणून 'चाळी जशा आहेत तशाच ठेवा' असं म्हणणं सोपं असलं तरी बरोबर नाही. टेकू लावलेल्या घरात झोपणाऱ्या माणसाला आपली हळहळ उपयोगाची नाही.

पण 'धोकादायक' हा शब्द हत्यार म्हणूनही वापरता येतो. महापालिका ज्या इमारतीला 'सी-१' वर्गात टाकते ती ताबडतोब रिकामी करावी लागते. त्यामुळे एका इंजिनिअरचा अहवाल सांगतो पाडा, दुसऱ्याचा सांगतो दुरुस्ती होईल, असे वाद होतात आणि ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. घाबरलेली माणसं मात्र निकालाआधीच निघून जातात. त्यांना एक गोष्ट माहीत असायला हवी. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की नगरपालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भिंत पडली तरी भाडेकरूपण पडत नाही. जाताना पावती, करार, वीजबिल आणि खोलीच्या मोजमापाचा कागद सांभाळून न्यावा, तो यासाठीच.

४. संमती

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हा नियम आला. उपकरप्राप्त इमारत पाडून भाडेकरूंना नवं घर फुकट द्यायचं आणि त्याच्या बदल्यात बिल्डरला जादा बांधकाम करून विकायची मुभा, असा तो व्यवहार आहे. त्यासाठी भाडेकरूंची संमती लागते. आधी ती सत्तर टक्क्यांची होती, आता एक्कावन्न टक्क्यांवर आली आहे.

एक्कावन्न म्हणजे बहुमत, त्यात वाईट काय? एकोणपन्नास हट्टी माणसांमुळे सगळ्यांनी पडक्या घरात राहायचं का? हा मुद्दा खरा आहे. पण बाजूला राहिलेले एकोणपन्नास कोण, हेही विचारावं लागतं. जिना उतरता न येणारी आजी, नवऱ्यामागे पावती नावावर न झालेली बाई, कागद इंग्रजीत आहे म्हणून गप्प बसलेले काका. 'सगळ्यांनी सही केली, तुम्हीच का अडवताय?' हे वाक्य ज्याला ऐकून घ्यावं लागतं त्याची सही संमती असते की थकवा, हे टक्केवारीतून कळत नाही.

मालकी भाडेकरूंकडेच द्यावी, असाही एक मार्ग निघाला होता. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घातलं गेलं. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत ताब्यात घ्यायची आणि रहिवाशांच्या सहकारी संस्थेला द्यायची. मालक कोर्टात गेले. त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने उत्तर दिलं, की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, काही ठरू शकतात. म्हणजे दार बंद झालेलं नाही, पण उंबरठा उंच झाला आहे.

५. संक्रमण शिबिर

किती छान शब्द आहे बघा. संक्रमण म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाणं. पण कितीतरी कुटुंबांचं ते जाणं संपतच नाही. गोरेगावच्या सिद्धार्थ नगरचं, म्हणजे पत्राचाळीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला. घरं पाडली गेली, मग काम रखडलं, बिल्डरकडून मिळणारं भाडं थांबलं आणि शेवटी अपुरं काम म्हाडाला हातात घ्यावं लागलं. करारानंतर पंधरा वर्षं उलटली तरी कुटुंबं घराची वाटच पाहत होती.

अशा वाट पाहण्यात सगळ्यांचं नुकसान सारखं होत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुसरं घर बघतो. ज्याच्याकडे नाही तो विरार, बदलापूरला जातो, मुलांची शाळा बदलतो, आईचं धुण्याभांड्यांचं काम सुटतं. म्हातारी माणसं तर नव्या घराची किल्ली न बघताच जातात.

सगळीकडे असंच होतं असंही नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर देण्याचं काम म्हाडा करत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. जबाबदारी सरकारी संस्थेने घेतली तर माणसं त्याच जागी परत येऊ शकतात, हे त्यातून दिसतं.

६. पात्र

नाटकातलं पात्र वेगळं, यादीतलं वेगळं. पात्र ठरलेल्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. जो अपात्र ठरला त्याला काहीच मिळत नाही. मधली पायरी नाही.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. मुंबईत धोबी तलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गोवेकरांचे कूड आहेत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावच्या लोकांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली ही जागा म्हणजे त्या गावचा क्लब. जहाजाची वाट बघणारे तारवटी, नोकरी शोधायला आलेली पोरं, इस्पितळात उपचारांसाठी आलेले गाववाले तिथे नाममात्र पैशांत उतरायचे, अजूनही उतरतात. भिंतीला लावलेल्या पेट्या, कोपऱ्यात गावच्या संताची वेदी, संध्याकाळी तेर्स, फेस्ताला लादाईन. आपल्यापैकी कितीतरी घरांचा पहिला पगार अशाच एखाद्या कुडातून सुटलेल्या माणसाने आणलेला आहे. धोबी तलावच्या जेर महाल या एकाच जुन्या इमारतीत असे अनेक कूड आहेत.

पुनर्विकासाच्या भाषेत हा कूड कसा मोजायचा? पावती क्लबच्या नावावर, म्हणजे भाडेकरू एकच. क्षेत्रफळ मोजलं जाईल, खाटा मोजल्या जाणार नाहीत. नवी जागा मिळाली तरी लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा महिन्याचा देखभाल खर्च येणार, आणि तो खाटेच्या नाममात्र भाड्यातून कसा निघणार? जागा हातात आली आणि तरी गरीब गाववाल्याला ती परवडेनाशी झाली, असं सहज होऊ शकतं.

मला या विषयाचा गाभा इथेच दिसतो. पुनर्विकासाला आपण एकच प्रश्न विचारतो, भाडेकरूला घर मिळालं का? दुसरा प्रश्न विचारायचा राहून जातो, स्वस्त खोली उरली का? चाळीतल्या कुटुंबाला मालकीचं घर मिळालं, चांगलंच झालं. पण ती खोली बाजारात गेली की उद्या लातूरहून, सावंतवाडीहून किंवा काणकोणहून येणाऱ्या मुलाला त्या भागात परवडेल अशी जागा राहत नाही. एका पिढीला घर मिळतं आणि पुढच्या पिढीची वाट बंद होते.

मग संरक्षण म्हणजे नेमकं काय? मला चार गोष्टी दिसतात. पहिली, घर पाडण्याआधी तिथे राहणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद व्हावी, नुसत्या पावत्यांची नाही, आणि ती यादी मराठीत जिन्यापाशी लागावी. दुसरी, करार प्रत्येक भाडेकरूशी वेगळा आणि नोंदणीकृत असावा, त्यात नवरा-बायको दोघांची नावं असावीत. तिसरी, मधल्या काळाचं भाडं बिल्डरच्या खिशात न राहता आधीच सुरक्षित जमा व्हावं. चौथी आणि सगळ्यात अवघड, जादा बांधकामातला काही वाटा कायमचा भाड्यासाठी राखून ठेवावा, खोल्या आणि खाटा दोन्ही. त्याचा खर्च कुणी करायचा? १९४० नंतर तो एकट्या मालकावर टाकला आणि काय झालं ते आपण वर पाहिलंच. शहराला स्वयंपाकी, नर्सा, रखवालदार हवे असतील, तर त्यांच्या पाठ टेकण्याचा खर्चही शहरानेच करायला हवा.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत चर्चेसाठी तीन प्रश्न :

१. 'रहिवासी', 'भाडेकरू' आणि 'मुंडकार' या तीन शब्दांतला फरक तुमच्या वाड्यावरच्या किंवा गल्लीतल्या उदाहरणाने सांगा.

२. एक्कावन्न टक्के संमती पुरेशी आहे का? 'हो' म्हणणाऱ्यांनी उरलेल्या एकोणपन्नास टक्क्यांसाठी एक तरी नियम सुचवावा.

३. घरातल्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसांपैकी कुणी मुंबईत कुडात, चाळीत किंवा खाट भाड्याने घेऊन राहिलं असेल तर त्यांच्याकडून दोन गोष्टी विचारून या : भाडं किती होतं, आणि पावती कुणाच्या नावावर होती.