गिटार विकू नकोस

सालेकसा

प्रिय बाबू,


काल रात्री ताईचा फोन आला. तू गिटार विकायला काढलीस, बँड मोडायचं म्हणतोस आणि खोलीवरच्या पोरांशीही धड बोलत नाहीस, असं तिच्या कानावर आलंय. तुझा फोन तर बंदच लागतो. म्हणून हे पत्र. आधी एवढंच कळव: गिटार आहे ना तुझ्याजवळ?

तुमच्या अल्बमवर मासिकात आलेलं परीक्षण मी नीट वाचलं. ते सगळंच चूक आहे असं म्हणणार नाही, कारण तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. दुसऱ्या गाण्यात ड्रमच्या माऱ्याखाली गोंडी शब्द ऐकू येत नाहीत, हे लिहिणाऱ्यानं बरोबर धरलंय. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत ज्या ढोलापासून तुला ओढून आणावं लागायचं, तो ढोल या गाण्यात नुसता तोंडी लावण्यापुरता आहे, हेही खरं. यावर काम कर. पण तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, हे त्याचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. हिरासुका पाटालीरवरचं गाणं त्यानं लक्ष देऊन ऐकलेलंच दिसत नाही. हिरासुकाच्या सुरांनी गुहेत कोंडलेल्या लेकरांच्या अंगी बळ आलं, शिळा सरकली, आणि तो स्वतः तिच्याखाली गेला, ही कथा आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. तुम्ही ती गायलात तेव्हा मला ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली.

आणि एका परीक्षणापायी गिटार विकायची? अरे, ब्लॅक सॅबथ मला तूच ऐकवलंस. कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावलेल्या टोनी आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि वाजवत राहिला, हे तूच ओसरीत बसून सांगितलंस. १९७० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्जनं त्याची सालटं काढली होती. आज हेवी मेटलची सुरुवात त्याच अल्बमपासून धरतात. तेवढ्या लांब कशाला, मुंबईचं रॉक मशीन बघ. ऐकणाऱ्यांना विलायती बँडचीच गाणी हवी असायची, त्या काळात उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे ते इंडस क्रीड झाले, १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम केला आणि १९९७ मध्ये पांगले. त्यानंतरचा अल्बम, 'इव्हॉल्व्ह', आला तो थेट २०१२ मध्ये. मोडलेला बँड पुन्हा जुळतो, बाबू. विकलेलं वाद्य परत येत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. दिवाळीनंतरच्या मंडईत मी नाटकाला पेटी वाजवायचो, विचार तुझ्या आईला. पावसानं दगा दिला त्या साली तुझ्या आजोबांना ती विकावी लागली. पुढे धान पिकला, हाती पैसाही आला, पण पेटी घेणं राहिलं ते राहिलंच. अजूनही नाटक सुरू व्हायच्या आधी पेटीवाल्यानं सूर धरला की माझी बोटं मांडीवर फिरायला लागतात. तुझी मामी ते बघते आणि न बघितल्यासारखं करते.

रागावून लिहिलं, ते मनात धरू नकोस. रात्रपाळ्या करून तू स्टुडिओचं भाडं भरलंस, हे त्या लिहिणाऱ्याला कुठून माहीत असणार? मला माहीत आहे. इतक्या मेहनतीवर कुणी असं लिहिलं तर वाईट वाटणारच. वाटू दे. पण उपाशी राहू नकोस, आणि रात्री एकटा बसू नकोस. पैशाची अडचण असेल तर गिऱ्हाईक शोधण्याआधी मला सांग. धान निघायला अजून वेळ आहे, तरी लागतील तेवढ्यांची सोय करतो. ताईला कळू देणार नाही.

चार दिवस इकडे येऊन जा. महाराष्ट्र एक्सप्रेस पकड, गोंदियाला मी घ्यायला येतो. मामी तांदळाचे आयते करणार आहे, तिनं आत्ताच सांगून ठेवलंय. येताना गिटार घेऊन ये. आणि ती विकून झाली असेल, तर तसाच ये. मी काही विचारणार नाही.

तुझा,
मामा