पेत्राने मान वळवली तेव्हा

इंदूर
रविवार, दुपार

चि. सोनू,


परवा रात्रीचा तुझा लांबलचक मेसेज वाचला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण फोनवर तू "हो आत्या, कळलं" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून कागद घेतला.

तुझ्या मेसेजात मैत्रीणच मैत्रीण आहे. नर्सिंगला तुझ्या शेजारी बसायची, मार्क तुझ्याहून कमी, आणि आज ती डब्लिनला. तिचा पगार, तिचं घर, तिचे समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो. तू मात्र पुण्यात, त्याच हॉस्पिटलात, त्याच नाइट ड्युट्या. देवाने तिचं ऐकलं आणि माझं नाही, असं वाटून हल्ली तुला चर्चलाही जावंसं वाटत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: चार नंबर बेडच्या आजी तुझी ड्युटी नसली की धड जेवत नाहीत. मला खरं तर त्या आजींचं जास्त वाचायला आवडलं असतं.

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढ. सकाळची वेळ, सरोवराचा काठ, कोळशाच्या विस्तवावर मासे. ज्या पेत्राने तीनदा ओळख नाकारली, त्यालाच येशू तीनदा विचारतो आणि तीनदा आपला कळप सोपवतो. त्याला कसं मरण येईल, तेही सुचवतो. एवढी मोठी माफी आणि एवढं मोठं काम एकदम पदरात पडलं, आणि पेत्र काय करतो? मान वळवून मागून येणाऱ्या शिष्याकडे बघतो आणि त्याचं पुढे काय होणार म्हणून विचारतो. येशू उत्तर देत नाही. त्याची पंचाईत तुला कशाला, तू माझ्यामागे चल, एवढंच सांगतो.

आपले पाळक हा भाग वाचून पेत्राच्या हेव्यावर उपदेश करतात. मला तो हेवा वाटत नाही. नुकतंच स्वतःचं मरण ऐकलेला माणूस तो. आपल्या वाट्याकडे बघवेना, म्हणून त्याने दुसऱ्याच्या वाट्याकडे पाहिलं. तुझंही थोडं तसंच झालंय का, बघ. रात्रभर पायावर उभं राहून सकाळी हॉस्टेलवर आलीस, मोबाइल उघडला आणि समोर डब्लिन. थकवा आधीचा होता, जळफळाट नंतरचा. आधी झोपत जा. हे मी थट्टेने म्हणत नाही.

इथल्या सिस्टर राणी मारियांचं नाव तू लहानपणी ऐकलं असशील. मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकाराच्या कचाट्यातून लोक सुटावेत म्हणून त्यांनी बचतीची सवय लावली, आणि तेच काहींना खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इथे इंदुरातच त्यांना धन्य घोषित केलं. आपण प्रोटेस्टंट, पण त्या दिवशी साऱ्या शहरातल्या ख्रिस्ती घरांत त्यांचाच विषय होता.

त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, त्याच संघात. एकाच आईबापाच्या दोघी मुली, एकच झगा, एकच व्रत. थोरलीच्या वाट्याला रक्तसाक्षीचा मुकुट आला. धाकटीच्या वाट्याला आला तो मारेकरी. समंदर सिंहला भेटायला ती तुरुंगात गेली, त्याला राखी बांधली, भाऊ मानलं. पुढे तो सुटावा म्हणून घरच्यांनीही शब्द टाकला आणि 2006 मध्ये तो सुटला. आता सांग, दोघींपैकी कुणाचं काम अवघड? मला ठरवता येत नाही, आणि ठरवायचं कशाला? धाकटी थोरलीच्या तसबिरीशी आपली उंची मोजत बसली असती, तर त्या तुरुंगात कोण गेलं असतं?

आता एक तक्रार आपल्याच मंडळीची. साक्षीला उभं राहून लोक सांगतात: प्रभूने व्हिसा दिला, प्रभूने फ्लॅट दिला, मुलाला पॅकेज दिलं. देणारा तोच, कबूल. पण मागच्या बाकावर ज्याचा व्हिसा नाकारला गेलाय, त्याने त्यातून काय घ्यायचं? चाळीस वर्षं हे ऐकून माझे कान किटले आहेत. उपकारस्तुतीच्या नावाने आपण नकळत गुणतक्ता वाचतो, आणि तुझ्यासारखी पोर घरी जाऊन हिशेब मांडते की माझे गुण का कमी.

द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट तुला पाठ आहे. सकाळी आलेल्यांना आणि संध्याकाळी पाचला आलेल्यांना सारखीच मजुरी. आपल्याकडे सकाळी चौकात उभे असलेले मजूर आठव. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या हातात रंगाचा ब्रश. नऊपर्यंत गर्दी, मग ठेकेदार नेतील तसे कमी होत जातात. अकरा वाजता जे दोन-तीन उरतात ना, त्यांचे चेहरे बघ. आज चूल कशी पेटायची, हा विचार घेऊन त्यांनी दिवस काढायचा. सकाळच्या मजुरांनी संध्याकाळच्यांची फक्त मजुरी बघितली, ते उभं राहणं बघितलं नाही. तुझ्या मैत्रिणीचंही तू डब्लिन बघतेस. परीक्षा, एजंटचे पैसे, परक्या भाषेतली पहिली रात्रपाळी, हे कुणी फोटोत घालत नाही.

आणि तुझ्या आईने सांगितलंय, "आपल्याहून खालच्यांकडे बघ, बरं वाटेल." वहिनींचा मान ठेवून सांगते, ते औषध घेऊ नकोस. परुश्याने मंदिरात जकातदाराकडे बघून तेच केलं होतं, आणि त्याला खूप बरंही वाटलं होतं.

मात्र एक गोष्ट वेगळी ठेव. पगार कमी आहे, ओव्हरटाइम देत नाहीत, ही तुझी तक्रार हेव्याच्या खात्यात टाकू नकोस. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या, भाऊ नाही म्हणून बापाची जमीन आम्हाला का नाही, असं त्यांनी विचारलं, आणि देवाने त्यांना बरोबर ठरवलं. गणना, सत्ताविसावा अध्याय. हक्काचं मागायचं असेल तर चौघीजणी मिळून मेट्रनकडे जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गुपचूप रडून पगार वाढत नाही.

आयर्लंडलाही जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. फक्त स्वतःला विचार: ती गेली नसती तर मला जावंसं वाटलं असतं का? हो असेल तर इंग्रजीची परीक्षा दे, कागद गोळा कर. नाही असेल तर ती इच्छा तिची आहे, तू उगाच उचलून आणलीस. उत्तर लगेच येणार नाही. महिनाभर तिचे फोटो बंद ठेव. मैत्रीण मात्र बंद करू नकोस. तिला फोन कर आणि खरंच कशी आहेस म्हणून विचार. तिच्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ असेल.

नाताळच्या सुट्टीचं रजेचं बघून कळव. फॉर्म भरायचं ठरलं तर फीचं मला सांग, दादाला नको. तो आधी कुणाच्या मुलीने किती कमी फीत केलं ते सांगेल.

तुझी,
आत्या