निवासमंडप कशावर उभा होता?

पाठ : निर्गम २६:१५-३०, ३०:११-१६, ३८:२५-२८



धायरीहून पुण्याच्या लष्कर भागांत गेल्यास तेथें तांबड्या विटांचें, उंच मनोऱ्याचें एक मंदिर दृष्टीस पडतें. लोक त्यास 'लाल देऊळ' म्हणतात. तें यहूदी लोकांचें प्रार्थनास्थान असून दावीद ससून या धनवान व्यापाऱ्यानें तें बांधावयास घेतलें. त्याच्या मरणानंतर, १८६७ सालीं, तें पुरें झालें. त्याचें नांव 'ओहेल दावीद', म्हणजे 'दाविदाचा तंबू', असें आहे. एवढ्या भक्कम इमारतीस तंबूचें नांव, हें ऐकून नवल वाटेल. परंतु इस्राएल लोकांनीं रानांत देवासाठीं जें पवित्रस्थान उभारिलें तें खरोखरच तंबू होतें. मूळ इब्री शास्त्रांत त्यास 'ओहेल मोएद', म्हणजे भेटीचा तंबू, म्हटलें आहे. आपल्या मराठी शास्त्रांत त्यास निवासमंडप व दर्शनमंडप हीं नांवें आहेत.

त्यांतील सोन्याच्या दीपवृक्षाविषयीं व कराराच्या कोशाविषयीं उपदेश पुष्कळ होतात. आज आपण खालीं जमिनीकडे पाहूं, आणि तो मंडप कशाचा केला होता व कशावर उभा होता याचा विचार करूं.

१. लांकूड. मंडपाच्या भिंती ४८ फळ्यांच्या होत्या : दक्षिणेस २०, उत्तरेस २० व पश्चिमेस ८. प्रत्येक फळी दहा हात उंच व दीड हात रुंद होती, आणि लांकूड बाभळीचें होतें. सीनायच्या रानांतील बाभूळ व आपल्या बांधावरील बाभूळ या एकाच कुळांतील आहेत. बाभूळ कशी असते हें शेतकऱ्यास सांगावयास नको. तिचे कांटे पाय रक्ताळतात. तिची सावली विरळ. वडा-पिंपळाप्रमाणें तिच्याभोंवतीं कोणी पार बांधीत नाहीं. तरी नांगरास व गाडीच्या चाकांस तिचेंच लांकूड पसंत करीत, कारण तें कठीण व चिवट असतें. शलमोनानें पुढें मंदिरासाठीं लबानोनाचे गंधसरू आणविले. येथें मात्र रानांत जें झाड वाढतें तेंच देवानें घेतलें. तें तोडलें, तासलें, मग सोन्यानें मढविलें. सोनें चढल्यावर कोणती फळी कोणत्या खोडाची, हें कोण ओळखणार?

२. रुपें. शिरगणतीच्या वेळीं वीस वर्षांच्या व त्यावरील प्रत्येक पुरुषानें अर्धा शेकेल रुपें द्यावें, अशी आज्ञा होती. हें वजनानें सुमारें अर्धा तोळा होतें. सोनें, पितळ, निळें व जांभळें सूत हीं ज्यानें त्यानें आपल्या मनाच्या इच्छेप्रमाणें आणिलीं. या रुप्याविषयीं मात्र असें ठरलें होतें कीं, श्रीमंतानें अधिक देऊं नये व गरिबानें कमी देऊं नये. कारण तें प्रत्येकाच्या प्राणाबद्दलचें मोल होतें, आणि देवापुढें एकाचा प्राण दुसऱ्याच्या प्राणाहून महाग नाहीं.

६,०३,५५० पुरुषांचें मिळून १०० किक्कार व १,७७५ शेकेल रुपें झालें. एका किक्काराचे ३,००० शेकेल. त्या शंभर किक्कारांच्या शंभर बैठका ओतल्या : प्रत्येक फळीखालीं दोन याप्रमाणें ९६, आणि अंतरपटाच्या खांबांखालीं ४. हिशेब करून पाहा. एका बैठकींत सहा हजार मनुष्यांचें रुपें होतें. त्यांत सरदाराचें कोणतें व मेंढपाळाचें कोणतें, हें कोणत्याही सोनारास निवडतां आलें नसतें. फळीच्या खालच्या अंगास दोन कुसें, म्हणजे पुढें आलेलीं टोंकें होतीं, आणि तीं या बैठकांत बसत. एकही फळी वाळूवर टेकलेली नव्हती.

३. अर्थ. पेत्र आपल्या पहिल्या पत्रांत (१:१८-१९) शिकवितो कीं, आपल्या सुटकेचें मोल रुप्यासोन्यानें भरलें गेलें नाहीं. तें ख्रिस्ताच्या रक्तानें भरलें गेलें. आणि विश्वासणारे मिळून देवाचें वस्तिस्थान होत आहेत, असें पौल इफिसकरांस (२:१९-२२) लिहितो. तर फळ्या आपण आहों, आणि आपल्या खालची बैठक ख्रिस्तानें भरलेलें मोल आहे.

आतां आपल्या मंडळ्यांकडे पाहूं. धायरी गांव २०१७ सालीं पुणे महानगरपालिकेंत आलें. जेथें शेतें होतीं तेथें इमारती झाल्या. अशा ठिकाणीं जुना गांवकरी, मराठवाड्यांतून पोटासाठीं आलेला मजूर व चांगल्या पगाराचा नोकरदार एकाच प्रार्थनेस येऊन बसतात. मग सतरंजीवर पुढें कोण बसतो, आणि दाराशीं कोण? पंखा देणाऱ्याचें नांव भिंतीवर रंगवितात, आणि मूठभर ज्वारी आणणाऱ्या विधवेस कोणी दोन शब्दही बोलत नाहीं. सोयरीक ठरवितांना बाप्तिस्म्यापूर्वींची जात हळूच विचारिली जाते. हें जेथें घडतें तेथें फळी आपल्या बैठकींतून निघून वाळूवर उभी राहूं पाहते. ती किती वेळ उभी राहील?

कोणी म्हणेल, ज्यानें अधिक दिलें त्याचे आभार मानूं नयेत काय? अवश्य मानावेत. सोनें आणणाऱ्यांची नोंद शास्त्रानेंही ठेविली आहे. परंतु त्या सोन्यावर कोणी उभा राहिला नाहीं. सर्व रुप्यावर उभे राहिले. तसेंच जो म्हणतो, "मी रानची बाभूळ, माझें तेथें काय काम?" त्यानेंही हा पाठ पुन्हां वाचावा.

उपदेशक बंधूंस एक सूचना. अंतरपटाचा अर्थ इब्री लोकांस पत्रांत (१०:२०) शास्त्रानेंच सांगितला आहे. बाभळीचा अर्थ तसा सांगितलेला नाहीं. तो आम्ही बोधासाठीं लाविला आहे. शिकवितांना हे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. प्रत्येक मेखेस व दोरीस अर्थ चिकटवूं नये, नाहीं तर ऐकणाऱ्यास मेखा आठवतात व ख्रिस्ताचा विसर पडतो. पाठाच्या वेळीं बाभळीचा एक तुकडा जवळ ठेवावा. मुलांस गोष्ट लवकर समजेल.

मननासाठीं प्रश्न

१. सर्वांनीं सारखेंच रुपें द्यावें असें देवानें कां ठरविलें?
२. फळ्या वाळूवर कां ठेविल्या नाहींत?
३. आपल्या प्रार्थनेंत दाराशीं कोण बसतो, आणि येत्या रविवारीं त्यास पुढें कोण बोलावील?